लोक बोलत होते

मुडदा सापडला नाही तर खुनाची केस उभीच राहत नाही, असं आमच्याकडे पारावर बसलेला कुणीही छातीठोकपणे सांगतो. पेशीला आलेले पक्षकार सांगतात, आरोपीचे मामे सांगतात, कोर्टासमोरचा चहावाला तर कलम नंबरासकट सांगतो आणि नंबर चुकीचा सांगतो. परवा माझा भाचाही तेच म्हणायला लागला. तो छत्रपती संभाजीनगरला वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. "आत्या, इंग्लंडात खून झालेला माणूस पायी चालत परत आला, तेव्हापासूनचा नियम आहे हा," म्हणाला, आणि त्याने मोबाईलवर एक जुनं इंग्रजी चोपडं पाठवून दिलं. माझं इंग्रजी निकालपत्रांवर पोसलेलं आहे, त्यामुळे सतराव्या शतकातली फर्लांगभर लांब वाक्यं मला काही जड गेली नाहीत. एकदा गोष्ट म्हणून वाचलं. मग सवयीने वही घेऊन बसले आणि फाईल म्हणून वाचलं.

सवय कशाची ते सांगते. मी बीड जिल्ह्यातल्या एका सत्र न्यायालयात बेंच क्लर्क होते. साक्षीदार पिंजऱ्यात आला की न्यायाधीश त्याचं म्हणणं इंग्रजीत सांगत, स्टेनो ते टाईप करी, आणि खाली बसून मी तीच साक्ष मराठीत उतरवून घेई. साक्षीदार म्हणायचा, "साहेब, म्या काय डोळ्यानं बघितलं न्हाई, पर समदं गाव बोलायलं व्हतं की थोरल्यानंच केलंय." साहेब बोट वर करायचे आणि माझं पेन थांबायचं. कागदावर यायचं, "मी स्वतः घटना पाहिली नाही." बाकीचं ऐकीव. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं साठावं कलम सांगायचं की तोंडी पुरावा ज्याने पाहिलं, ज्याने ऐकलं त्याच्याच तोंडून आला पाहिजे. कायदा आता नवा आला, कलमांचे आकडे बदलले, बोट वर करायची रीत तीच असणार. नोकरीभर मी अर्ध्या जिल्ह्याची कुजबुज ऐकली आणि ती लिहिली नाही. त्यामुळे ज्या कारवाईत कुणाचंच बोट वर झालं नाही, ती वाचताना माझा हात शिवशिवत होता.

तर गुरुवार, १६ ऑगस्ट १६६०. औरंगाबादेहून फौज घेऊन निघालेल्या शाहिस्तेखानाने त्याच महिन्यात इकडे चाकणचा किल्ला घेतला. तिकडे इंग्लंडात मोठं यादवी युद्ध होऊन, एका राजाचं डोकं उडवून, त्याच्या मुलाला, म्हणजे दुसऱ्या चार्ल्सला, नुकतंच मे महिन्यात परत बोलावलेलं. ग्लॉस्टरशायर परगण्यात चिपिंग कॅम्डेन नावाचं लोकरीच्या व्यापाराचं गाव आहे. तिथल्या जहागीरदारीणबाईंचा कारभारी विल्यम हॅरिसन, वय सुमारे सत्तर, दुपारी वसुलीला म्हणून शेजारच्या चॅरिंगवर्थला पायी निघाला. अंतर दोन मैल, आपल्या जुन्या हिशेबात कोसभर. अंधार पडला तरी म्हातारा येईना, तेव्हा बायकोने आठ-नऊच्या सुमाराला गडी जॉन पेरी याला वाटेवर बघायला पाठवलं. रात्रभर मालकही आला नाही आणि गडीही आला नाही.

सकाळी मुलगा एडवर्ड शोधायला निघाला तर जॉन समोरून येताना भेटला. दोघे मिळून गावोगाव विचारत फिरले. एब्रिंग्टनला एक कूळ म्हणालं, काल संध्याकाळी म्हातारबा परत जाताना माझ्या दारात टेकले होते, बसले नाहीत. पॅक्सफर्डला काही कळलं नाही. परत येताना बातमी लागली की एब्रिंग्टन आणि कॅम्डेनच्या मधल्या वाटेवर, काटेरी झुडपांच्या रानालगत, सरवा वेचणाऱ्या एका गरीब बाईला एक टोपी, गळपट्टी आणि फणी सापडली आहे. टोपी आणि फणी चिरलेली, पट्टीला रक्त. वस्तू हॅरिसनच्याच. मग काय, बाया-माणसं, पोरंटोरं, अख्खं कॅम्डेन प्रेत हुडकायला रानात लोटलं. प्रेत मिळालं नाही.

हे दृश्य मला कुणी समजावून सांगायला नको. आमच्याकडे माणूस हरवला की पहिल्यांदा विहिरी बघतात. एका प्रकरणात ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेना म्हणून एक गडी रातोरात निघून गेला होता. त्याचं आणि भावाचं बांधावरून वाजलेलं सगळ्यांना ठाऊक. गावाने पंप लावून विहीर उपसली. खाली गाळ निघाला, दोन घागरी निघाल्या. पण विहीर उपसलीय म्हटल्यावर काहीतरी झालेलंच असणार! दुसऱ्या दिवसापासून तिघंजण सांगू लागले की त्या रात्री मळ्याकडून ओरडण्याचा आवाज आला होता. गडी पाडव्याला परत आला, तर ते तिघं म्हणाले, आवाज तर आलाच होता.

कॅम्डेनमध्ये संशय साहजिकच रात्रभर बाहेर राहिलेल्या जॉनवर आला. त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं. त्याचा पहिला जबाब मी वहीत वेगळा काढून ठेवलाय, कारण त्या सगळ्या कागदांत खऱ्या माणसाच्या बोलण्यासारखा तोच एक आहे. तो म्हणाला, निघालो, थोड्याच अंतरावर विल्यम रीड भेटला. अंधाराची भीती वाटली म्हणून त्याच्याबरोबर मागे फिरलो. दारापाशी आल्यावर पिअर्स आला, त्याच्यासोबत पुन्हा थोडं रानात गेलो, पुन्हा मागे आलो. कोंबड्यांच्या खुराड्यात तासभर पडून राहिलो, झोप आली नाही. बाराचे ठोके पडल्यावर उठून निघालो. धुकं दाटलं, वाट चुकली, कुंपणाखाली पडून रात्र काढली. उजाडता चॅरिंगवर्थला एडवर्ड प्लेस्टररकडे गेलो, तो म्हणाला, काल दुपारी मी हॅरिसनला तेवीस पौंड दिले. मग विल्यम कर्टिसकडे गेलो, तो म्हणाला, आला होता असं ऐकलं, मी घरी नव्हतो.

दंडाधिकाऱ्याने चांगले प्रश्न विचारले, हे कबूल केलं पाहिजे. नऊ वाजता अंधाराला भ्यालास, मग बारा वाजता धीर कुठून आला? जॉन म्हणाला, तोवर चांदणं पडलं होतं. दोनदा दारापर्यंत येऊन गेलास, मग मालक आला का एवढं आत विचारलंस का नाही? त्यावर तो म्हणाला, त्यांच्या खोलीच्या खिडकीत दिवा दिसत होता, आणि ते घरी असले की इतक्या उशिरापर्यंत तिथे दिवा कधी नसतो. खिडकीतल्या दिव्याचं हे असं उत्तर बनवून देता येत नाही. पढवलेला साक्षीदार वेळ आणि अंतर पाठ करून येतो. "त्यांच्या खोलीत दिवा होता, म्हणजे ते आले नसणार" हे त्या घरात राबणाऱ्या गड्यालाच सुचणार.

आणि पुढची गोष्ट बघा. रीड, पिअर्स, प्लेस्टरर, कर्टिस, चौघांनाही विचारलं आणि चौघांनीही जॉन सांगतो तसंच सांगितलं. एकही फितूर नाही, एकाच्याही बोलण्यात तफावत नाही. माझ्या सबंध नोकरीत सरकारी पक्षाला असे चार साक्षीदार एकत्र मिळालेले मी पाहिले नाहीत. हे चौघं आरोपीचे होते, आणि त्यांचा उपयोग शून्य झाला.

कारण जॉनला सोडलं नाही. जवळजवळ आठवडाभर त्याला कॅम्डेनमध्येच अडकवून ठेवलं, कधी कोठडीत, कधी चक्क एका खानावळीत. माझ्या मते सगळं प्रकरण तिथे बिघडलं. कोठडी एकवेळ परवडली, खानावळ म्हणजे गावाची चावडी. येणारा-जाणारा प्रत्येकजण त्याला विचारणार, "सांग की बाबा, काय केलंस मालकाचं?" जॉनने काहींना सांगितलं, फिरत्या कल्हईवाल्याने मारलं. काहींना सांगितलं, शेजारच्या एका बड्या माणसाच्या नोकराने लुटून मारलं. आणखी काहींना सांगितलं, मारून घेवड्याच्या काडाच्या गंजीत लपवलंय. लोकांनी गंजी उलटीपालटी केली, काही नाही. चोपडं लिहिणाऱ्या सर थॉमस ओव्हरबरीने हे सगळं जॉनच्या खोटेपणाचा दाखला म्हणून दिलंय. मला त्यात वेगळंच दिसतं. कल्हईवाला, नोकर, गंजी, ही तिन्ही उत्तरं जॉनच्या डोक्यातली वाटतच नाहीत. परगावच्या फिरत्या माणसावर संशय घेणारा एक गट प्रत्येक गावात असतो, मोठ्या वाड्यातल्या नोकरांवर खार खाणारा दुसरा असतो. जो समोर बसला त्याला त्याचंच मत जॉन परत देत होता. आम्ही याला न्यायबाह्य कबुलीजबाब म्हणतो, आणि तो पुरावा कच्चा धरतात. का कच्चा, ते या खानावळीत बसून बघावं.

शेवटी शुक्रवारी, २४ तारखेला, तो म्हणाला, दंडाधिकाऱ्यांनाच सांगेन, दुसऱ्या कुणाला नाही. आणि त्यांच्यापुढे त्याने स्वतःच्या आईचं आणि भावाचं, रिचर्डचं, नाव घेतलं. म्हणाला, नोकरीला लागल्यापासून दोघं माझ्या मागे लागले होते, आम्ही किती गरीब आहोत ते बघ, मालकाच्या पैशाची खबर दे म्हणून. त्या दिवशी मी रिचर्डला सकाळी खबर दिली. रात्री मालक बाईंच्या सशांच्या कुरणातून घराकडे वळले तेव्हा त्याला मागे लावलं. जाऊन बघतो तर मालक जमिनीवर, रिचर्ड त्यांच्या उरावर, आई शेजारी उभी. गळा आवळला. पैशाची थैली आईच्या ओटीत टाकली. प्रेत गिरणीमागच्या मोठ्या गटारखड्ड्यात टाकतो म्हणाले. टोपी, पट्टी आणि फणी मीच सुरीने चिरून वाटेवर टाकली, चोरांनी मारलं असं वाटावं म्हणून.

खड्डा उपसला. मासे पाळायची तळी धुंडाळली. यादवीत जळालेल्या जहागीरदारांच्या वाड्याचे भग्न ढिगारे उकरले. काही नाही.

उलटतपास घेणारा कुणी असता तर त्याचा पहिला प्रश्न मलाही ठाऊक आहे. गळा आवळून मारलं, मग पट्टीला रक्त कुणाचं? जॉनने टोपी चिरल्याचं सांगितलं, रक्ताचं काहीच सांगितलं नाही, आणि त्याला ते कुणी विचारलंही नाही. पण त्या काळी अशा आरोपाखालच्या आरोपीला बाजू मांडायला वकील घेता येत नसे. म्हातारी जोन पेरी, रिचर्ड आणि जॉन, तिघंही आपापल्या तोंडानिशी उभे.

आई आणि भाऊ कळवळून नाही म्हणत होते. दंडाधिकाऱ्यापुढून परत नेताना रिचर्डच्या खिशातून एक कापड बाहेर आलं आणि त्याबरोबर दोरीचा एक गुंडा खाली पडला. शिपायाने उचलून पाहिला तर टोकाला सरकगाठ. रिचर्ड म्हणाला, बायकोची केस बांधायची आगवळ आहे. दोरी पुढे चाललेल्या जॉनला दाखवली तर त्याने मान हलवून सांगितलं, हीच ती. झाला मुद्देमाल! पंच नाहीत, पंचनामा नाही, सील नाही. गरीब घरात एकच दोरी दहा कामांना लागते आणि सरकगाठ तर ओझं बांधणाऱ्या प्रत्येकाच्या दोरीला असते. रिचर्डच्या बायकोला बोलावून "ही तुझी आहे का" एवढं विचारल्याचं या चोपड्यात कुठे नाही.

रविवारी तिघांना चर्चला नेत होते. वाटेत रिचर्डची दोन लहान लेकरं बापाला भेटायला आली. एकाला त्याने कडेवर घेतलं, दुसऱ्याचं बोट धरलं. तेवढ्यात दोघांच्याही नाकातून रक्त आलं. ऑगस्टचा महिना आहे, लहान पोरं आहेत, बाप कैदेत आहे. पण खुनी जवळ आला की रक्त वाहू लागतं अशी त्या मुलखात समजूत होती, त्यामुळे लेकरांचं नाक बापाविरुद्ध साक्षीदार झालं. ओव्हरबरीनेही ते नोंदवून ठेवलंय. ओव्हरबरी शिकलेला, जमीनदार माणूस. त्याला वगळावंसं वाटलं नाही.

आता जुनी कुजबुज वर आली. आदल्या वर्षी बाजाराच्या दिवशी, घरची मंडळी चर्चमध्ये प्रवचनाला गेलेली असताना, हॅरिसनच्या घरात शिडी लावून वरच्या मजल्यावरून १४० पौंड चोरीला गेले होते. चोर सापडला नव्हता. जॉन म्हणाला, तेही रिचर्डनेच केलं, मीच पैसे कुठे असतात ते सांगितलं होतं. खुनाच्या काही आठवड्यांआधी जॉन स्वतः बागेतून ओरडत आला होता की पांढऱ्या कपड्यातल्या दोघांनी तलवारीने हल्ला केला. तेही आपणच रचलं होतं म्हणून त्याने आता कबूल केलं. गावात जे जे न सुटलेलं होतं ते सगळं जॉनच्या कबुलीत एकेक करून सुटत गेलं. आमच्या कोर्टात एखादा आरोपी एकदम पाच जुन्या चोऱ्या कबूल करतो तेव्हा बाररूममधले जुने वकील गालात हसतात, ते आठवलं.

सप्टेंबरच्या फिरत्या कोर्टात दोन आरोप आले, चोरी आणि खून. न्यायाधीश सर ख्रिस्तोफर टर्नर म्हणाले, प्रेत सापडल्याशिवाय मी खुनाचा खटला चालवणार नाही. शाबास म्हणावंसं वाटतं. पण चोरीचा आरोप राहिला. आधी तिघांनी गुन्हा नाकबूल केला. मग कुणीतरी कानात सांगितलं की नव्या राजाने आत्ताच जुने गुन्हे माफ करणारा कायदा केलाय, कबूल करा आणि सुटा. त्यांनी कबूल केलं, माफी मिळाली.

ही कानगोष्ट आजही रोज होते. किरकोळ केसमध्ये पेशीमागून पेशी मारून कंटाळलेल्या माणसाला कुणीतरी म्हणतं, "कबूल कर, दंड भर, मोकळा हो, कशाला रोजगार बुडवतोस." तो मोकळा होतोही. मग पुढे कधीतरी पोलिसांना गावात संशयित लागला की त्याचंच नाव आधी निघतं, आणि नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती ओळ निघते ती वेगळीच. पेरी कुटुंबाने नंतर जीव तोडून सांगितलं की आम्ही चोरी केली नव्हती, लवकर सुटका व्हावी म्हणून कबूल केलं. पण १६६१ च्या वसंतात जे ज्युरी बसले, त्यांच्यापुढे पेरी म्हणजे त्याच घरावर आधी डल्ला मारल्याचं स्वतः मान्य केलेले लोक होते.

या वेळी न्यायाधीश होते सर रॉबर्ट हाइड. मधल्या काळात प्रेत सापडलं नव्हतं, नवा साक्षीदार आला नव्हता, नवी वस्तू मिळाली नव्हती. बदललं होतं ते एवढंच की हॅरिसन सहा-सात महिने परत आला नव्हता. जॉनने कबुली फिरवली, मी तेव्हा वेडा झालो होतो, काय बोललो मला माहीत नाही, असं म्हणाला. तिघंही दोषी ठरले. कॅम्डेनवरून दिसेल अशा ब्रॉडवे टेकडीवर फाशी. पहिली म्हातारी. ती चेटकीण आहे आणि तिने पोरांवर करणी केल्यामुळे ती खरं बोलत नाहीत, ती मेली की बोलतील, असा हिशेब होता. ती मेली, पोरं बोलली नाहीत. मग रिचर्ड. तो फासाखाली भावाला विनवत होता, आता तरी खरं सांग. जॉन कुर्रेबाजपणे म्हणाला, मी कुणाचं देणं लागत नाही. पण स्वतःची वेळ आल्यावर म्हणाला, मालकाचं काय झालं ते मला ठाऊक नाही, पुढेमागे तुमच्या कानावर येईल कदाचित.

म्हातारीबद्दल मला जास्त बोलायचं होतं, पण कागदांत तिच्याविषयी आहेच काय? गरीब, विधवा, दोन पोरं, चेटकीण असल्याची बोलवा. आमच्या लातूर, नांदेड, धाराशिवच्या सीमेवरच्या गावांत भानामतीच्या नावाने ज्या बायकांना मारहाण झाली, त्यांच्याविषयीही एवढंच माहीत असायचं. महाराष्ट्राला जादूटोण्याविरुद्ध कायदा करायला २०१३ उजाडलं, त्यामुळे १६६१ च्या ग्लॉस्टरशायरला आपण फार नावं ठेवू नयेत.

१६६२ मध्ये विल्यम हॅरिसन कॅम्डेनला परत आला. जिवंत.

ओव्हरबरीला लिहिलेल्या पत्रात त्याने सगळी हकीकत सांगितली. वसुलीवरून येताना घोडेस्वारांनी गाठलं, कुशीत आणि मांडीत भोसकलं, हात बांधून घोड्यावर घातलं, समुद्रापर्यंत नेऊन जहाजावर चढवलं. तुर्की चाच्यांनी जहाजासह पकडलं. तुर्कस्तानातल्या स्मर्ना बंदराजवळ सत्त्याऐंशी वर्षांच्या एका हकिमाने विकत घेतलं, जो पूर्वी इंग्लंडात राहिलेला होता. त्याच्याकडे अर्क काढायच्या भट्टीवर काम केलं. एकदा कापूस वेचायला लावलं, वेचणी मनासारखी झाली नाही म्हणून मालकाने लोळवलं आणि खंजीर उपसला. पुढे मालक मेला. त्याने दिलेला चांदीचा वाडगा देऊन एका जहाजावर चढलो, लिस्बनला उतरलो, तिथे एका इंग्रजाने दया केली, डोव्हरला पोचलो. आमच्या परभणीच्या शिवारात भर उन्हात कापूस वेचून बघितलेल्या कुणालाही विचारा, सत्तरीचा माणूस गुलाम म्हणून विकत घेऊन त्याला वेचणीला लावणारा मालक त्यांना किती पटतो ते.

माणूस परत आला म्हणजे गाव खजील झालं असेल, असं मला वाचताना वाटलं होतं. त्याच वर्षी, १६६२ मध्ये, लंडनला या प्रकरणावर एक कवन छापून विकलं गेलं. त्यात काय असावं? तर जोन पेरी खरोखरच चेटकीण होती आणि तिनेच हॅरिसनला खाणीच्या खड्ड्यात ढकलून मंत्राने तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर नेऊन टाकलं. म्हणजे खून झालाच नाही हे सिद्ध झालं, आणि म्हातारी तरीही गुन्हेगारच राहिली. ओव्हरबरीचं चोपडं चौदा वर्षांनी, १६७६ ला आलं. तोपर्यंत बोट मुलाकडे वळलं होतं. बाप गेल्यावर कारभार एडवर्डकडे आला, मग त्यानेच बापाला पळवून लावलं नसेल कशावरून? पुन्हा तेच. कुणीतरी लागतंच.

भाच्याला मी लिहून पाठवलं की बाबा, नियम तू म्हणतोस तसा नाही. सर मॅथ्यू हेल या त्याच शतकातल्या न्यायाधीशाने लिहून ठेवलंय, खुनाची घटना सिद्ध झाल्याशिवाय किंवा निदान प्रेत सापडल्याशिवाय मी कुणाला दोषी धरणार नाही. त्याने दिलेलं उदाहरणही कॅम्डेनचं नाही, स्टॅफर्डशायरचं आहे. तिथेही माणूस फाशी गेला आणि मेलेला परत आला. पण ती सावधगिरीची सूचना. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या निकालात हेलचाच दाखला घेऊन सांगितलंय की प्रेत मिळालंच पाहिजे असा कायदा नाही, बाकीचा पुरावा तेवढा भक्कम हवा. नाहीतर प्रेताची नीट विल्हेवाट लावणाऱ्या प्रत्येकाची सुटकाच. त्यावर त्याने अंगठा पाठवला. वाचलं की नाही देव जाणे.

मला स्वतःला तुर्कस्तान पटत नाही. म्हातारा त्या यादवीनंतरच्या काळात कुठल्या तरी राजकीय भानगडीत अडकून स्वतःहून लपला असावा असं काहीजण म्हणतात, ते त्यातल्या त्यात बरं वाटतं. तेही ऐकीवच. आपल्यापुढे आहे ते फक्त त्याचं पत्र, आणि पत्राला उलटतपास नसतो. तो पिंजऱ्यात आला असता तर मी पेन उघडून तयार होते. वकिलाने विचारायला हवं होतं, चोरांनी तुमचे तेवीस पौंड घेतले का? पत्रात तर तो म्हणतो की उलट त्यांनीच त्याच्या खिशात बरेच पैसे कोंबले. कशासाठी? बांधून, घोड्यावर घालून, भर ऑगस्टात इंग्लंडच्या मधल्या भागातून किनाऱ्यापर्यंत नेलं, वाटेत एकाही गावाने पाहिलं नाही का? जखमी म्हाताऱ्याला विकून किती मिळणार होते? वाडगा दिला त्या जहाजाचं नाव काय? लिस्बनच्या त्या दयाळू गृहस्थाचं नाव काय? परत आल्यावर पेरींच्या घरी, रिचर्डच्या बायकोकडे, त्या दोन लेकरांकडे गेला होतात का?

आणि तो नाही-नाही म्हणत गेला असता तसं मी खाली उतरवून घेतलं असतं: "हे म्हणणे खरे नाही की, मी स्वतःहून गाव सोडले. हे म्हणणे खरे नाही की, मी कोठे होतो हे माझ्या घरच्यांना माहीत होते. हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे. फेरतपास नाही."